झिजलेल्या दातांवर साच्यातून चढणारं कंपोझिट

वरचे पुढचे दात हळूहळू आखूड होत जातात, तेव्हा ते त्या माणसाच्या सहसा लक्षातच येत नाही. आरशात रोज तोच चेहरा दिसतो. मग कधीतरी जुना फोटो हाती लागतो आणि जाणवतं, की पूर्वी हसताना दात दिसायचे, आता ते ओठाआड गेलेत. कडा पातळ होऊन काचेसारख्या आरपार दिसायला लागलेल्या असतात, मधूनच एखादा टवका उडतो. दाढांच्या माथ्यावर पिवळसर खळगे पडलेले असतात आणि गार पाणी झोंबतं.

अशा तोंडात एखाद्या दातात सिमेंट भरून भागत नाही. आठ-दहा, कधी त्याहून जास्त दात एकाच वेळी झिजलेले असतात आणि वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकतात कसे, हेच मुळात बदललेलं असतं. झीज कशाने झाली तेही प्रत्येकाचं वेगळं. कुणी झोपेत दात खातं, कुणाला वर्षानुवर्षं आम्लपित्ताचा त्रास असतो, कुणी दिवसभर आंबट पेयांचे घोट घेत असतं. इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं टणक आवरण, साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं. पोटातून वर येणारं आम्ल त्याहून कितीतरी तीव्र असतं.

अशा दातांवरचं जुनं आणि मजबूत उत्तर म्हणजे कॅप. दात चहूबाजूंनी घासून लहान करायचा आणि वर सिरॅमिकची किंवा धातूवर सिरॅमिक चढवलेली टोपी बसवायची. कॅप वाईट नाही, अनेक दातांना तीच लागते. पण तिची किंमत दात देतो. एडेलहॉफ आणि सोरेन्सन या संशोधकांनी २००२ मध्ये वजन करून दाखवलं, की पुढच्या दातावर पूर्ण कॅप बसवायची तर हिरडीबाहेरच्या दाताचा ६३ ते ७२ टक्के भाग घासून जातो. जो दात आधीच झिजून निम्मा झालाय, त्याचं उरलेलंही आपणच काढायचं, हे मला दातांचा डॉक्टर म्हणून नेहमीच खुपत आलं आहे. इंजेक्टेबल कंपोझिटचं आकर्षण इथून सुरू होतं. यात जे गेलं तेवढंच वरून चढवायचं असतं, उरलेल्या दाताला जवळपास हात लावायचा नसतो.

नाव ऐकून पेशंट दचकतात, म्हणून आधीच सांगतो. इथे हिरडीत सुई टोचायची नसते. ‘इंजेक्ट’ म्हणजे एका पारदर्शक साच्यात, बारीक नळीतून, पातळ कंपोझिट भरायचं.

राळ, काच आणि निळा उजेड

कंपोझिट हे राळ आणि काच यांचं मिश्रण. नुसती राळ भरली तर ती मऊ राहते आणि आक्रसते, नुसती काचेची भुकटी एकत्र धरून राहत नाही. म्हणून काचेच्या कणांवर सायलेन नावाच्या रसायनाचा थर देतात. त्याचं एक टोक काचेला धरतं, दुसरं राळेला. अमेरिकेतल्या राफाएल बोवेन यांना १९६२ मध्ये ज्या राळेचं पेटंट मिळालं ती बिस-जीएमए, आणि आजच्या बऱ्याच कंपोझिटमध्ये ती किंवा तिच्या नात्यातलीच राळ असते. मिश्रणात कॅम्फरक्विनोन नावाचं पिवळं द्रव्य अगदी थोडं घातलेलं असतं. ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड पडला की ते जागं होतं आणि राळेचे सुटे रेणू भराभर एकमेकांत गुंफले जातात. काही सेकंदांत मऊ लगदा दगडासारखा होतो.

पण तो दाताला चिकटतो कसा? याचं श्रेय मायकेल बुओनोकोर यांचं. कारखान्यात धातूवर रंग नीट बसावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल वापरतात, हे त्यांना ठाऊक होतं. तेच आम्ल इनॅमलवर लावून बघितलं आणि १९५५ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांचं आम्ल ८५ टक्के तीव्रतेचं होतं, आज ३५ ते ३७ टक्क्यांचं जेल वापरतात. ते लावून धुतलं आणि वाळवलं की इनॅमल खडूसारखं पांढरंफटक दिसतं, कारण त्यावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं तयार झालेली असतात. बाँडिंग, म्हणजे चिकटवणारी पातळ राळ, त्यांत शिरते, उजेडाने कडक होते आणि झाडाच्या मुळांसारखी रुतून बसते.

इनॅमलच्या आत डेंटिन असतं, आणि तिथलं काम जास्त नाजूक आहे. डेंटिन ओलसर असतं, त्यात कोलॅजनचे तंतू असतात. १९८२ मध्ये जपानच्या नोबुओ नाकाबायाशी यांनी दाखवलं, की राळ या तंतूंच्या जाळ्यात मुरून एक मिश्र थर तयार करते आणि पकड त्या थराची असते. ही पकड इनॅमलइतकी भरवशाची नाही. झिजलेल्या दाताच्या मधोमध डेंटिन उघडं पडलेलं असतं, शिवाय वर्षानुवर्षं उघडं राहून ते गुळगुळीत, काचेसारखं झालेलं असतं, त्यामुळे बाँडिंग आणखी अवघड होतं. पण भोवताली बहुतेक वेळा इनॅमलची एक कड शिल्लक असते. ती कड अखंड असेल तर माझा निम्मा जीव भांड्यात पडतो, कारण सगळ्या भरणीला घट्ट धरून ठेवणारी तीच असते. कॅपसाठी दात घासताना पहिला बळी जातो तो या कडेचा.

कंपोझिट दोन रूपांत मिळतं. एक घट्ट, मळलेल्या कणकेसारखं, ते हत्यारांनी दाबून, कोरून आकार द्यायचं. दुसरं पातळ, नळीतून वाहणारं. १९९० च्या दशकाच्या मध्यात पातळ कंपोझिट आलं तेव्हा ते पातळ ठेवायला कंपन्यांनी काच कमी केली होती. परिणाम उघड होता. राळ जास्त, म्हणून आक्रसणं जास्त. घट्ट कंपोझिट आकारमानाने साधारण २ ते ३ टक्के आक्रसतं, तर हे ५ टक्क्यांपर्यंत जायचं. झिजायचंही लवकर. त्यामुळे ते खड्ड्याच्या तळाशी पातळ अस्तर म्हणून वापरायचं, चावण्याच्या जागी नाही, हा धडा आमच्या पिढीने गिरवला.

आजचं इंजेक्टेबल कंपोझिट त्याच्या पुढचं आहे. काचेचे कण अतिशय बारीक केले, त्यांच्यावर सायलेनचा थर एकसारखा दिला आणि त्यामुळे वजनाने ७० टक्क्यांच्या आसपास काच घालूनही मिश्रण वाहतं राहिलं. दाब दिला की ते पातळ होऊन पुढे सरकतं, दाब सोडला की जागच्या जागी थांबतं. कण बारीक असल्याने चकाकीही चांगली येते. म्हणूनच आता ते दाताच्या कडेवर आणि दाढेच्या माथ्यावर वापरण्याची हिंमत होते. तरी ते सिरॅमिक नव्हे, हे विसरून चालत नाही.

खरं काम साच्याच्या आधी

या पद्धतीचे व्हिडिओ पाहिले तर नळीतून कंपोझिट साच्यात शिरताना दिसतं, साचा निघतो आणि खाली सुंदर दात तयार. बघणाऱ्याला वाटतं, किती सोपं. ते दृश्य खोटं नाही, पण तो संपूर्ण कामाचा शेवटचा आणि लहानसा तुकडा आहे. साचा जसा असेल तसा दात होतो. साच्यात चूक असेल तर तीही तितक्याच इमानाने दातावर उतरते. घट्ट कंपोझिट हाताने लावताना डॉक्टर दाताकडे बघत बघत आकार बदलू शकतो, इथे निर्णय आधीच घेऊन टाकलेला असतो. म्हणून मी या पद्धतीला हाताच्या कौशल्याइतकीच विचाराची परीक्षा मानतो.

सुरुवात होते कारण शोधण्यापासून. आम्लामुळे झीज होत असेल आणि ते आम्ल थांबलं नसेल, तर नवं कंपोझिट टिकेल पण भोवतालचा दात विरघळत राहील आणि भरणी बेटासारखी उंच उरेल. कीड असेल तर ती आधी काढावी लागते. हिरड्या सुजलेल्या असतील तर त्या बऱ्या होईपर्यंत थांबावं लागतं, कारण रक्ताळलेल्या हिरडीशेजारी कुठलंच बाँडिंग नीट होत नाही.

मग येतो चाव्याचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळी गुंतागुंत इथेच आहे. दात आखूड झाले तर मध्ये मोकळी जागा पडायला हवी, असं वाटतं. पण तसं होत नाही. दात झिजतात तसे ते हाडासकट हळूहळू बाहेर येत राहतात आणि समोरच्या दाताला टेकलेलेच राहतात. म्हणजे लांबी कमी झाली, पण नवी भर घालायला जागा मात्र नाही. चावणाऱ्या पृष्ठभागावर कंपोझिट टिकायला निदान १ ते दीड मिलिमीटर जाडी हवी. ती आणायची कुठून?

एक मार्ग म्हणजे संपूर्ण चावाच थोडा उंच करायचा. सगळ्या दातांवर भर घालायची आणि जबडा मिटण्याची उंची वाढवायची. जबडा कात्रीसारखा मागच्या सांध्यावर फिरतो, त्यामुळे मागे दाढांमध्ये थोडी जागा उघडली की पुढे त्याहून बरीच जास्त मिळते. मापात वाढवलेली ही उंची बहुतेक लोक काही दिवसांत स्वीकारतात. ज्यांचा सांधा दुखतो किंवा अडकतो, त्यांच्या बाबतीत आधी सांध्याकडे बघावं लागतं.

दुसरा मार्ग नॉर्वेच्या बियॉर्न डाल यांच्या नावाने ओळखला जातो. १९७५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी झिजलेल्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला धातूची पातळ पट्टी बसवली. तोंड मिटलं की फक्त पुढचे दात टेकायचे, दाढा अधांतरी राहायच्या. काही महिन्यांत पुढचे दात थोडे आत दबले, दाढा थोड्या बाहेर आल्या आणि दाढा पुन्हा एकमेकींना भिडल्या. पुढे मात्र जागा मिळून गेली. आज धातूच्या पट्टीऐवजी थेट कंपोझिटच पुढच्या दातांवर चढवतात आणि दाढांना आपापली जागा शोधू देतात. पेशंटला याची पूर्ण कल्पना आधी द्यावी लागते, नाहीतर पहिल्या दिवशी दाढा टेकत नाहीत म्हटल्यावर तो घाबरून फोन करणारच.

हे सगळं ठरलं की नव्या दातांचा नमुना बनतो. तोंडाचं माप घेऊन त्याच्या मॉडेलवर मेणाने दात पूर्ण करतात, किंवा तोंड स्कॅन करून काँप्युटरवर आकार ठरवतात आणि थ्रीडी प्रिंट काढतात. मला या टप्प्याचं फार महत्त्व वाटतं, कारण इथे पेशंट निर्णयात सामील होतो. नमुन्यावरून तात्पुरत्या प्लॅस्टिकचे दात त्याच्या स्वतःच्या दातांवर, काहीही न घासता, न चिकटवता चढवून बघता येतात. तो हसून बघतो, बोलून बघतो. ‘स’ आणि ‘फ’ नीट उमटतात का, कड ओठाला खुपते का, दात फार मोठे वाटतात का, हे त्याच खुर्चीत कळतं. न आवडलं तर नुकसान मेणाचं किंवा एका प्रिंटचं, दाताचं नाही.

नमुना पक्का झाला की त्यावर पारदर्शक सिलिकोनचा साचा घेतात. पारदर्शक हवा, कारण निळा उजेड त्यातूनच आत जायचा आहे. सिलिकोन पुरेसं जाड ठेवलं नाही तर बोटाच्या दाबाने ते वाकतं आणि दात चपटा होतो. एक बारीकशी गोष्ट नव्याने शिकणाऱ्यांना सांगावीशी वाटते. हे सिलिकोन लेटेक्सच्या हातमोज्यांनी हाताळलं तर त्यातल्या गंधकामुळे ते नीट घट्ट होत नाही, साच्याचा पृष्ठभाग चिकट राहतो. हातमोजे बदलले की अडचण गायब.

भरण्याचा दिवस

साच्यात प्रत्येक दाताच्या कडेशी एक छोटं भोक असतं, नळीचं टोक जेमतेम जाईल एवढं. दात स्वच्छ करून त्यावर बारीक ॲल्युमिना भुकटीचा फवारा मारतात, म्हणजे जुना गुळगुळीतपणा जातो. शेजारच्या दातांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळतात. हीच ती पातळ पांढरी पट्टी, जी नळाच्या आट्यांवर लावतात. एकाआड एक दात करायचा, हा नियम. म्हणजे आज पहिला, तिसरा, पाचवा, आणि ते पूर्ण झाल्यावर मधले. सगळे एकदम भरले तर कंपोझिट एकमेकांत मिसळून दातांची सलग भिंत तयार होते.

मग आम्ल, धुणं, वाळवणं, बाँडिंग, हवेने पातळ करणं, उजेड. यातल्या कुठल्याही टप्प्यावर लाळ किंवा रक्त लागलं तर मागे जाऊन पुन्हा सुरुवात. साच्यासोबत रबर डॅम, म्हणजे दात बाहेर ठेवून बाकी तोंड झाकणारा रबराचा पडदा, लावणं अवघड जातं, कारण साचा नीट बसत नाही. म्हणून अनेकजण गाल-ओठ दूर ठेवणारी साधनं, हिरडीशी दोरा आणि शोषनळी यांच्यावर भागवतात. ही या पद्धतीची खरी उणीव आहे आणि ती मान्यच करायला हवी.

साचा बसवून नळीचं टोक भोकातून आत खोलवर नेतात आणि कंपोझिट भरायला लागतात. टोक सतत कंपोझिटमध्ये बुडालेलं ठेवून हळूहळू मागे घ्यायचं, मध्येच बाहेर काढलं की हवा शिरते आणि बुडबुडा अडकतो. साच्याच्या कडेने थोडं कंपोझिट बाहेर आलं की दात भरला. मग साच्यातूनच सगळ्या बाजूंनी उजेड द्यायचा, नेहमीपेक्षा जास्त वेळ, कारण सिलिकोनमधून जाताना आणि अंतर वाढल्यामुळे उजेड क्षीण होतो. एका थरात कंपोझिट साधारण २ मिलिमीटर खोलीपर्यंतच भरवशाने पक्कं होतं. त्याहून जास्त जाडी हवी असेल तर आधी खालचा भाग हाताने भरून घ्यावा, साच्यातून फक्त वरचा थर. साचा काढल्यावर दातावर ग्लिसरिनचं जेल लावून पुन्हा एकदा उजेड देतात, कारण हवेतला ऑक्सिजन वरच्या पातळशा थराला पक्कं होऊ देत नाही आणि जेल त्याला अडवतं.

यानंतरचा अर्धा तास निर्णायक असतो, आणि व्हिडिओत तो नेहमी कापलेला असतो. कंपोझिट हिरडीकडे आणि दोन दातांच्या मधे पसरलेलं असतं. रंग दाताचाच, त्यामुळे ते सहज दिसत नाही. बारीक पात्याने, पट्टीने, भिंग लावून ते काढावं लागतं. प्रत्येक फटीतून फ्लॉस, म्हणजे दातांमधली सफाई करायचा दोरा, न अडकता, न फाटता गेला पाहिजे. तो गेला नाही तर तिथे अन्न आणि जंतू साचतात, हिरडी सुजते, रक्त येतं, पुढे कीड लागते. मी दुसरीकडे केलेली अशी कामं पाहिली आहेत, जिथे समोरून दात देखणे होते आणि मागे सहा दात एकमेकांना जोडलेले. त्या पेशंटना वर्षभर ब्रश करताना रक्त येत होतं आणि त्यांना वाटत होतं, नव्या दातांचं असंच असतं. कुणाला असं होत असेल तर कृपया तसंच चालवून घेऊ नका. पॉलिश आणि सफाई नीट केली तर हे सहसा सुधारतं.

शेवटी चावा तपासतात. रंगीत कागद दातांत धरून वरचे-खालचे दात टेकवले, बाजूला सरकवले की कुठे जोर जास्त पडतो ते ठिपक्यांवरून दिसतं. इथे आळस केला तर पहिला टवका काही आठवड्यांतच उडतो.

कुणासाठी नाही

दाताचा मोठा भाग तुटून गेला असेल आणि इनॅमलची कड कुठेच उरली नसेल, तर कंपोझिटला धरायला आधार नसतो. रूट कॅनाल झालेल्या पोखरलेल्या दाढेला कवच लागतं, तिथे कॅपच किंवा दाढेचा माथा झाकणारी सिरॅमिकची भरणी योग्य. दात खूप गडद झाले असतील तर पातळ थर त्यांचा रंग झाकू शकत नाही. झोपेत जोराने दात खाणाऱ्यांना हे करता येतं, पण रात्री नाइट गार्ड, म्हणजे दातांवर बसणारं संरक्षक आवरण, घालणं मग ऐच्छिक राहत नाही. ज्याला ते जमणार नाही, त्याला मी हे काम सुचवत नाही.

टिकाऊपणाबद्दल सरळ सांगायचं तर सिरॅमिकच्या तुलनेत हे लवकर झिजतं, कडेला टवके उडतात, चकाकी मंदावते, चहा-कॉफीचे आणि धुराचे डाग बसतात. अधूनमधून पॉलिश आणि काही वर्षांनी डागडुजी गृहीत धरूनच निर्णय घ्यायचा असतो. काही जणांसाठी ही कायमची व्यवस्था ठरते. काहींसाठी तो मधला टप्पा असतो: नव्या उंचीवर जबडा आणि स्नायू रुळले, आकार पसंत पडले, की हळूहळू एकेक दात सिरॅमिकमध्ये बदलता येतो, तेही दोन-तीन वर्षांत विभागून. तरुण पेशंटमध्ये मला हा मधला टप्पा फार मोलाचा वाटतो. पंचविशीत घासलेल्या दाताला पुढे आयुष्यभर कॅपवर कॅप लागते. पंचविशीत भर घातलेल्या दाताजवळ सगळे पर्याय शाबूत राहतात.

टवका उडाला तर सिरॅमिकसारखं सगळं काढून नव्याने करावं लागत नाही. तेवढा भाग खरबरीत करून, पुन्हा बाँडिंग लावून तिथेच भर घालता येते. म्हणून काम संपल्यावर मॉडेल आणि तो पारदर्शक साचा फेकू नका, असं मी पेशंटना आवर्जून सांगतो. नाव आणि तारीख घालून एका डबीत जपून ठेवा, घर किंवा डॉक्टर बदलला तरी सोबत न्या. चार वर्षांनी एखादी कड तुटली तर साचा त्याच दातावर पुन्हा बसतो, त्याच भोकातून नळी आत जाते आणि तासाभरात दात पुन्हा होता तसा होतो. नवीन डॉक्टरला आधीचा आकार काय होता, हे विचारावंही लागत नाही.